तेलावरची पेरणी

वाणगाव
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

श्री. काळूशेठ तांडेल, मु. झाई, यांस

नरोत्तम चुरीचा साष्टांग नव्हे, उभ्यानेच नमस्कार. विनंती काही नाही. विशेष मात्र आहे, म्हणून लिहितो.

आपल्या मुलांच्या लग्नात तुम्ही माझ्या विहिरीवरच्या पंपाला नावं ठेवलीत आणि मी म्हटलं, "तुम्ही पाण्यातली माणसं, मातीतलं तुम्हाला काय कळणार?" त्यावर तुम्ही भरल्या पानावरून उठलात आणि जाहीर केलंत की माती स्वतः बोलवायला आली तरच या माणसाशी बोलेन. त्या अबोल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सहा-सात महिने उत्तम चालला आहे. पण अबोला म्हणजे बोलायचं नाही. लिहायचं नाही असं ठरल्याचं मला आठवत नाही. तुमच्या गावची पुतळी सोमवार-बुधवार-शुक्रवार मासळी घेऊन इथल्या बाजारात येते, तिच्या हाती हे पत्र देतो. कागदाला वास लागला तर तो तुमच्याच गावचा आहे.

तुमची सून म्हणजे माझी पूर्वी. तुमचा जतीन जहाजावर गेल्यापासून ती इथे माहेरी आहे आणि तिने माझ्या डोक्याला ताप आणला आहे. पुण्याची ट्रॅक्टर कंपनीतली नोकरी सोडून तिने इथल्या शेतकरी गटाला एक पेरणी यंत्र चाचणीसाठी आणायला लावलं. जुन्या यंत्राचं मला कळत होतं. खाली चाक, चाकाला साखळी, साखळीने फिरणारा दांडा, दांड्यावर बियांच्या चकत्या. चाक फिरलं की चकती फिरणार आणि भोकातून एकेक दाणा पडणार. चाक जेवढं, तेवढा दाणा. कमीजास्त पेरायचं तर दातेरी चक्र बदला, हात काळे करा, मिटलं.

पूर्वीला हे पसंत नाही. म्हणते, "बाबा, आपल्या चार एकरांत वरचं टोक आठवड्यात सुकतं आणि खालच्या खोलगट भागात महिनाभर ओल राहते. दोन्हीकडे सारखेच वाल टाकले तर वरचे एकमेकांचं पाणी चोरणार आणि खाली जागा फुकट जाणार. चाकाला हे कुठे कळतं?" म्हणून तिने साखळीच काढून टाकली. आता दांडा फिरवते एक मोटर, आणि ती चालते ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकच्या तेलावर. ट्रॅक्टरवर एक स्क्रीन आहे. त्यात शेताचा नकाशा, वर विरळ, खाली दाट. ट्रॅक्टर कुठे आहे आणि किती वेगाने चाललाय हे स्क्रीनला आकाशातून कळतं. स्क्रीन व्हॉल्व्हला सांगते, व्हॉल्व्ह तेल कमीजास्त सोडतो, मोटर तशी हळू-जोरात फिरते. दांड्यावर एक सेन्सर बसलाय, तो फेरे मोजतो आणि वर चुगली करतो. एवढे सगळे एकमेकांवर लक्ष ठेवून आहेत, तरी काम कुणीच करत नाही. आमच्या सोसायटीसारखंच.

यंत्र बसवायला तलासरीच्या पलीकडून, गुजरातेतून, जिग्नेश नावाचा फिटर आला होता. पूर्वी नेमकी तालुक्याला गेलेली, म्हणून त्याच्यापाशी मी उभा. अर्धं बोलणं त्याच्या पोटात. स्क्रीन लावताना म्हणाला, "काका, वेगमां राखूं के?" मी म्हटलं, राख बाबा, वेगातच राख, ओल काय आपल्यासाठी थांबणार आहे? तो राखून गेला आणि आम्ही बसलो. दोन तास यंत्र चाललं की मोटरच्या दांड्यापाशी तेल पाझरायला लागतं. तेल अडवणारं रबरी सील बदललं. पुन्हा तेच.

शनिवारी, बावीस तारखेला, गटाचे अकराही जण बांधावर उभे राहून चाचणी बघणार आहेत. जमलं तर यंत्र गटाचं आणि ते चालवायचं काम पूर्वीचं. नाही जमलं तर यंत्र परत, आणि पूर्वीही परत पुण्याला. तिच्या जुन्या साहेबांचा फोन दोनदा येऊन गेलाय. जतीन आल्यावर ती झाईला नांदायला जाईल ते वेगळं. झाई जवळ आहे. पुणे जवळ नाही, आणि तिची आई गेल्यापासून या घरात दुसरा आवाज तिचाच आहे.

तुमच्या बोटीवर जाळं ओढायला हायड्रॉलिक विंच आहे आणि गावातले सगळे विंच तुम्हीच दुरुस्त करता, असं ऐकून आहे. मी काही विचारत नाहीये. फक्त कळवतोय.

कळावे. लोभ नव्हताच, तेल तेवढं गळू नये.

नरोत्तम चुरी


झाई
मंगळवार, ११ नोव्हेंबर

तात्या,

नमस्कार उभ्याने आला, मी बसून घेतला. चष्मा बोटीवर राहिला होता म्हणून पत्र तुमच्या विहीणबाईने, हिरकणीने वाचून दाखवलं. "पाण्यातली माणसं" आलं तिथे तिने आवाज चढवून दोनदा वाचलं. तिलाही लग्नातलं सगळं आठवतं.

बोलायचं नाही पण लिहायचं, हे शास्त्र तुम्ही सोयीने काढलंत. बरं. मीही काही सांगत नाहीये, फक्त कळवतोय.

विंच आणि तुमचं यंत्र एकाच आईची लेकरं. विंचवर माझा हात व्हॉल्व्हच्या दांडीवर असतो आणि डोळा दोरावर. जाळं जड झालं, दोर ताणला, की हात आपसूक ढील देतो. तुमच्याकडे हात म्हणजे तो व्हॉल्व्ह, डोळा म्हणजे सेन्सर, आणि अक्कल म्हणजे स्क्रीन. ती अक्कल मात्र भरणाऱ्याइतकीच असते, हे लक्षात ठेवा.

आता नीट वाचा. तुमच्या मोटरला दोन जाड पाइप असतील. एकातून तेल जोरात आत येतं, दुसऱ्यातून काम करून परत जातं. त्याशिवाय एक बारीक पाइप असेल, बोटाएवढा. मोटरच्या पोटात थोडं तेल फटीफटीतून झिरपतच असतं, ते बाहेर जायची ती वाट. ती वाट मोकळी पाहिजे. बारीक पाइप सरळ, एकटा, टाकीत वरून सोडायचा. कुणाशी जोडायचा नाही. परतीच्या जाड पाइपाला जोडलात तर त्याच्यातला दाब उलटा मोटरच्या पोटात शिरतो, आणि पोटातलं तेल सगळ्यात नाजूक जागा शोधतं. ती जागा म्हणजे सील. मग शंभर सील बदला.

माझे स्वतःचे दोन सील गेलेत असे, तेही ऐन हंगामात, झाईपासून दूर, अकरा वाव खोल पाण्यात. म्हणून ठाऊक आहे.

जा आणि बघा तो बारीक पाइप कुठे गेलाय. आणि कुणी नेलाय, तेही बघा. पाइपाला पाय नसतात.

पत्रासोबत सुके बोंबील आहेत. ते हिरकणीने सुनेसाठी दिलेत, तुमच्यासाठी नव्हेत.

काळू तांडेल


वाणगाव
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काळूशेठ,

बोंबील पोचले. पूर्वी म्हणाली, "पुतळीमावशीने आज फुकट कसे दिले?" मी म्हटलं, जुनी ओळख. त्या पुतळीनेही ओट्यावरून लगेच सांगितलं, "तात्या, मी फुकट कोनाला कायव देत नाय." निस्तरताना माझी पुरेवाट झाली.

बारीक पाइप बघितला. परतीच्या जाड पाइपालाच टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालून जोडलेला होता.

कुणी जोडला ते विचारलंत म्हणून सांगतो, उगाच तर्क करत बसू नका. जिग्नेशने तो टाकीत वरूनच सोडला होता. पण तो लोंबकळत होता, बांधावरच्या करवंदीला अडकायचा. मी विचार केला की दोन्ही पाइपांतलं तेल शेवटी घरीच चाललंय, एकाच वाटेने गेलं तर काय बिघडलं? पालघरच्या दुकानातून टी आणला आणि जोडून टाकला. मी चाळीस वर्षं पंप, फवारे, ठिबक सगळं स्वतः जोडत आलोय. ठिबकमध्ये असं चालतं.

परवा पूर्वी बँकेत गेली तेव्हा आमचा ट्रॅक्टर चालवणारा तुक्या आणि मी दोघांनी तो टी काढला, बारीक पाइप पुन्हा टाकीत सोडला, सील नवं बसवलं. काल पडीक तुकड्यावर, पेटीत थोडे किडके वाल टाकून, चार तास यंत्र चाललं. थेंब नाही. पूर्वी खाली वाकून दहा मिनिटं बघत राहिली. म्हणाली, "बाबा, हे थांबलं कसं?" मी म्हटलं, थांबलं आपोआप. ती म्हणाली, "यंत्रात आपोआप काही होत नसतं," आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी गुरांना पाणी दाखवायला निघून गेलो.

झालं, म्हणून निश्चिंत होणार तोच नवीन दुखणं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चार-पाच हात टक्कल! ट्रॅक्टर पुढे जातो, दाणा नाही. मग एकदम जाग आल्यासारखी मोटर फिरायला लागते. चाक असतं तर हे झालं असतं का? चाक हललं की दाणा पडला. त्याला आकाशात विचारायला जावं लागत नव्हतं. सकाळी हे टक्कल जास्त, दुपारी थोडं कमी. या यंत्राला थंडी वाजते की काय?

शेतातली माती अजून मुठीत दाबली तर लाडू वळतो. वरच्या टोकाला मात्र तो फुटायला लागलाय. आठ दिवस उरलेत.

तुमच्या बारीक पाइपाबद्दल आभार मानायची पद्धत आहे. मानले असं समजा.

नरोत्तम


झाई
रविवार, १६ नोव्हेंबर

तात्या,

"ठिबकमध्ये असं चालतं" हे वाक्य हिरकणीने वाचलं तेव्हा मी जाळं विणता विणता सुई टोचून घेतली. नाचता येईना आणि अंगण वाकडं! गळती तुमची, शिव्या यंत्राला.

टक्कलाचं ऐका. थंडी वाजतेच. सकाळी हायड्रॉलिकचं तेल घट्ट असतं, डब्यातल्या तुपासारखं. व्हॉल्व्हने दार उघडलं तरी ते सावकाश सरकतं. गार तेलावर आम्ही कधी जाळं ओढत नाही. आधी पंधरा-वीस मिनिटं विंच नुसता रिकामा फिरवतो. तुम्हीही पेटीत दाणे न भरता मोटर फिरवत ठेवा. टाकीला हात लावा. कोमट लागली की मग शेतात उतरा.

तरी थोडं टक्कल राहील, कारण ट्रॅक्टर हलला हे आकाशातल्याला कळेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. त्यासाठी पहिल्या काही हातांपुरता वेग आपणच स्क्रीनमध्ये भरून ठेवायची सोय असते, असं जतीनने मागे जहाजावरच्या कुठल्यातरी यंत्राबद्दल सांगितलं होतं. पूर्वीला ठाऊक असणारच. तिला विचारा. तिच्याशी तरी बोलता ना?

आता दुसरं. हे लिहू नको असं हिरकणी म्हणते, पण लिहितो. पूर्वीने परवा तिला फोन केला होता. म्हणाली, "मम्मी, माझंच काहीतरी चुकतंय. बाबांचा सगळ्या गावात पोपट होईल. चाचणी फसली तर मी गटासमोर चूक कबूल करणार आणि पुण्याला जाणार." रडत नव्हती. रडली असती तर मला कमी वाईट वाटलं असतं.

तात्या, तेल तुमच्यामुळे गळत होतं, हे तुम्ही तिला सांगितलंत? नसणार. पोरगी सीलचे आकडे शोधत बसली आणि तुम्ही गुरांना पाणी दाखवत होता. माझी सून मला विचारायला येत नाही, कारण तिला वाटतं की ती माझ्याकडे आली तर तुमचा अपमान होईल. आपल्या दोघांच्या अबोल्यात ती मधल्या मधे चेपली जातेय. याला मीही जबाबदार आहे, हे हिरकणीने लिहायला लावलं.

काळू


वाणगाव
बुधवार, १९ नोव्हेंबर

काळूशेठ,

पूर्वी तुमच्याकडे काय बोलली ते मला ठाऊक नव्हतं. मला ती एवढंच म्हणते की सगळं ठीक आहे. पत्र तीन वेळा वाचलं. पाइपाचं तिला सांगायचं मनात होतं, पण आता वेळ अशी आहे की एवढ्याशा गोष्टीने तिचं लक्ष विचलित होऊ नये.

कारण आता खरंच डोकं फुटायची वेळ आली आहे. तेल तापवलं, टक्कल गेलं. सुरुवातीच्या वेगाचं मी सहज विषय काढल्यासारखं बोललो, तिने दोन मिनिटांत केलं. यंत्र सुरेख चालतंय. पण दाणे पडतायत दाट!

तिचा हिशेब असा की मधल्या पट्ट्यात एकरी साठ हजार दाणे, म्हणजे साधारण पंधरा किलो वाल. दर सहा इंचांवर एक दाणा. काल अर्ध्या एकरावर करून बघितलं. साडेसात किलो जायला हवे होते, गेले पावणेतेरा! मी ओळीत बसून बोटांनी माती उकरली. दाण्यापासून दाणा साडेतीन इंच. पूर्वीने चकतीची भोकं पुन्हा मोजली. सेन्सर एका फेऱ्याला किती ठोके देतो ते मोजलं. हाताने दांडा दहा वेळा फिरवून दाणे वाटीत धरले आणि मोजले. सगळं बरोबर! आणि तरी शेतात दाट! ती त्या स्क्रीनकडे बघत बसते. स्क्रीन म्हणते, साठ हजार, सगळं आलबेल. निर्लज्ज वस्तू!

वालाचं बी घराघरातून गोळा करून सत्तर किलो जमलं होतं. आता सत्तावन्न उरलंय आणि साडेतीन एकर बाकी आहे. असंच पडत राहिलं तर सव्वादोन एकरांत पेटी रिकामी, आणि अकरा जण बांधावर टाळ्या पिटणार. आता बी मागायचं कुणाकडे? ज्याच्या त्याच्याकडचं जमिनीत गेलंय. गटाचा अध्यक्ष रविंद्र सावे काल येऊन म्हणाला, "तात्या, चाक बरं होतं नाही?" मी म्हटलं, बरंच होतं. पूर्वी मागेच उभी होती.

ते मी का म्हटलं, मला ठाऊक नाही.

वरच्या टोकाचा लाडू आज वळलाच नाही. शनिवारनंतर पेरून उपयोग नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर लिहा. या वेळी विचारतोय.

नरोत्तम


झाई
गुरुवार, २० नोव्हेंबर

तात्या,

उद्या पुतळी वाणगावला उतरली की आधी तुमच्याकडे येईल, मग बाजारात बसेल. तशी शपथ घातली आहे.

मी दहावी नापास. पण पावणेतेराला साडेसातने भागलं. एक पूर्णांक सात आले. हा आकडा मी कुठेतरी पाहिलाय असं काल पत्र आल्यापासून वाटत राहिलं. जेवताना आठवलं.

माझ्या भावाने सहा वर्षांपूर्वी उंबरगावकडे थोडी जमीन घेतली. सांगितली तीन, आणि आम्ही समजलो तीन एकर. मोजायला गेलो तर जमीन आखडलेली. भांडण झालं, तेव्हा कळलं की विकणारे बोलत होते विघ्यात, गुजरातच्या मापात. तुमच्याकडे एकराचे गुंठे चाळीस. त्यांच्या विघ्याचे साडेतेवीस. चाळीसाला साडेतेवीसने भागा तात्या. एक पूर्णांक सात.

यंत्र गुजरातेतून आलं. त्या स्क्रीनमध्ये जमिनीचं माप विघा आहे. पूर्वीने भरले साठ हजार एकराला, आणि यंत्र टाकतंय साठ हजार विघ्याला. पोरीचा हिशेब बरोबर, मोटर बरोबर, सेन्सर बरोबर. सगळे आपापलं काम चोख करतायत. अक्कल तेवढी चुकीची भरली गेली आहे.

आता ती कुणी भरली? मी तुमचं पहिलं पत्र काढलं. हिरकणीला म्हटलं, जिग्नेशचं पुन्हा वाच. "वेगमां राखूं के?" असं तुम्ही लिहिलंय. तात्या, आम्ही सीमेवरची माणसं, दिवसातून दहा वेळा ती भाषा कानावर पडते. तो "वेगमां" म्हणाला नाही. तो म्हणाला, "विघामां राखूं के?" विघ्यात ठेवू का? आणि तुम्ही म्हणालात, राख बाबा, वेगातच राख! बरं, पंपाच्या आवाजाने तुमचा डावा कान गेलाय हे मला ठाऊक आहे. नाही कळलं तर "काय म्हणालास?" एवढं विचारायला काय होतं? पण नाही. नरोत्तम चुरीला कळत नाही असं जगात काही असूच शकत नाही!

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. संताप आला. कारण शनिवारी तुमची मुलगी अकरा माणसांसमोर तुमची चूक स्वतःची म्हणून सांगणार आहे, आणि तुम्ही तिथे उभे राहून म्हणणार, चाकच बरं होतं.

पाण्यातल्या माणसाला मातीतलं कळत नाही म्हणालात. ठीक. पण माती कशात मोजतात ते तुम्हालाही कळलं नाही. आणि घरातलं माणूस मनातल्या मनात सुकायला लागलंय हे ज्याला कळत नाही, त्याने ओल मुठीत दाबून बघायचा उपयोग काय?

स्क्रीन लगेच दुरुस्त होईल. ते दोन बटणांचं काम आहे. तुम्ही दुरुस्त व्हा.

काळू


वाणगाव
सोमवार, १ डिसेंबर

तीर्थरूप पप्पांस, पूर्वीचा नमस्कार.

तुमची पत्रं मी वाचली नव्हती. पण ती येतायत हे मला पहिल्या बुधवारपासून ठाऊक होतं. बाबांच्या सदऱ्याच्या खिशाला बोंबलाचा वास यायला लागला तर मला दुसरं काय वाटणार? पाइपाचा टी गायब झाला तेव्हा खात्रीच पटली. बाबा स्वतः जोडलेलं स्वतःहून कधी सोडवत नाहीत.

शुक्रवारी तुमचं शेवटचं पत्र आलं. दिवसभर ते खिशातच होतं. बाबा माझ्याशी बोलायला तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा मीठ मागून गेले.

शनिवारी सकाळी अकराही जण आले. मी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की यंत्रात दोष नाही, माझ्याकडून आकडेमोडीत कुठेतरी चूक झाली आहे आणि मला ती सापडत नाही. रविंद्रकाका मान डोलवायला लागले. तेवढ्यात बाबा मागून म्हणाले, "थांब." खिशातून पत्र काढलं, चष्मा लावला आणि वाचायला लागले. सगळं, पप्पा. एक ओळ गाळली नाही. "तुमचा डावा कान गेलाय" तेही वाचलं, "कळत नाही असं जगात काही असूच शकत नाही" तेही वाचलं. लोक हसत होते. "घरातलं माणूस" पर्यंत आले आणि थांबून चष्मा पुसला. मग कुणी हसलं नाही. त्यांनी ती ओळ पहिल्यापासून पुन्हा वाचली, पूर्ण केली, आणि वर पाइपाचंही सांगून टाकलं, जे पत्रात नव्हतं.

रविंद्रकाका म्हणाले, "हे तांडेल कोण?"

बाबा म्हणाले, "माझे व्याही. त्यांना मातीतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मी ट्रॅक्टरवर चढले आणि स्क्रीनमध्ये माप बघितलं. विघा! मी इतके दिवस मोटर खोलत होते आणि ते पान एकदाही उघडलं नव्हतं. तेवढी चूक माझीही. एकर केलं. निघणार तर बाबा आडवे आले. म्हणाले, "आधी तेल." अकरा माणसं पंधरा मिनिटं उन्हात उभी केली आणि प्रत्येकाला टाकीला हात लावायला लावला. "कोमट झाली की मग. तांडेलांनी सांगितलंय."

शेवटच्या ओळीनंतर पेटीत मूठभर वाल उरले. रविंद्रकाकांनी स्वतः माती उकरून पट्टी लावली. वर विरळ, खाली दाट, मधे सहा इंच. यंत्र गटाचं झालं. पुण्याला मी कळवून टाकलं.

वाल उगवलेत. बाबा रोज सकाळी पट्टी घेऊन शेतात जातात आणि मोजत बसतात. मला म्हणतात, "तांडेलांना कळव, सहा इंच आहे म्हणून." मी म्हटलं, तुम्हीच कळवा, मी आता तुमच्या दोघांच्या मधे नाही. म्हणून त्यांनी खाली लिहिलं आहे.

तुमची,
पूर्वी

ता. क. काळूशेठ, माती बोलवायला आली आहे. तिला लिहिता येत नाही म्हणून मी लिहिलं. बुधवारी जेवायलाच या. वहिनींना आणा. भरल्या पानावरून उठू देणार नाही.
नरोत्तम


झाई
मंगळवार, २ डिसेंबर

तात्या,

पुतळी आज तिचा वार नसतानाही वाणगावला निघतेय, म्हणून दोन ओळी. हिरकणी आणि मी उद्या सकाळी येतो. पापलेटं आणतोय, बाकीचं आल्यावर बोलू.

तेल तापवून ठेवा.

काळू